हलकं पाल गळतं ते सुईच्या भोकातून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या पावसाळी पुरवणीत भटकंतीसाठी हलकी ताडपत्री घरी शिवण्याबद्दल एक लेख आला होता. त्याचं कात्रण आणि ६ मीटर कापड घेऊन तीन आठवड्यांपूर्वी आमच्या गावातली दोन पोरं माझ्या दारात उभी राहिली. एकाच्या घरचं वावर माझ्या दिराच्या धुऱ्याला लागून आहे, दुसरा अमरावतीला कॉलेजात शिकतो. "मावशी, हे शिवून द्या ना. कसं शिवाचं ते पेपरात लिवलं हाय." मी कात्रण उभ्याने वाचलं, मग चष्मा लावून बसून वाचलं, आणि त्यांना सांगितलं, कापड ठेवून जा, पण यात लिहिलंय तसं मी शिवणार नाही. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पेपरात छापून आलेल्या गोष्टीला ब्लाऊज शिवणारी बाई नाही म्हणते, हे त्यांना पटेना.

म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री चालवा, पण शिवणीचा भाग तेवढा कापू नका. लेखातून नेमका तोच गेलाय.

लेखात असं म्हटलं होतं की दोन पट्टे मधोमध जोडून घ्यावेत, कडेने आयलेट (दोरी ओवायच्या धातूच्या कड्या) ठोकावेत, जोडावरून पाणी येऊ नये म्हणून चिकटपट्टी लावावी, आणि कुठलाही शिंपी हे काम तासाभरात करून देईल. शिंप्याची आठवण ठेवली म्हणून बरं वाटलं. पण लिहिण्याआधी एकाही शिंप्याला विचारलेलं दिसत नाही. कापडावर अर्धा कॉलम आहे, कोणता रंग फोटोत चांगला दिसतो यावरही दोन ओळी आहेत. शिवण मात्र 'जोडून घ्यावेत' या दोन शब्दांत उरकली आहे.

मी अचलपूर तालुक्यातल्या एका खेड्यात २८ वर्षं शिवणकाम करते. लग्नात माहेरून आलेली पायमशीन अजून चालते. ब्लाऊज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, कोणाच्या पँटीची चेन, असं सगळं. वडीलही शिंपी होते, पण त्यांचं मोठं काम वेगळं होतं. डिसेंबरच्या शेवटी लागणारी आणि जानेवारीभर चालणारी बहिरमची जत्रा वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. हंडीतलं मटण आणि रोडगे खायला लोक लांबून येतात आणि राहुट्यांमध्ये मुक्काम करतात. जत्रेच्या आधी महिनाभर आमच्या ओट्यावर फाटक्या राहुट्यांचा ढीग पडलेला असे. त्या जाडजूड सुती कापडाचा वास आणि मेण लावलेल्या दोऱ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे.

बाबा सांगायचे, राहुटीला सुती दोराच लावायचा. पाणी लागलं की दोरा फुगतो आणि सुईचं भोक आपोआप बुजतं. कापडही फुगतं, विण आवळून येते. म्हणून पहिल्या सरीला राहुटी थोडी ठिबकते आणि मग थांबते. फक्त आतून बोट लावायचं नाही, लावलं की तिथून धार सुरू. हे सगळं खरं आहे. आणि या खऱ्या गोष्टीनेच मला तोंडावर पाडलं.

तीन वर्षांपूर्वी माझा मोठा मुलगा पुण्याहून असंच कापड घेऊन आला. तिकडे तो मित्रांबरोबर डोंगर चढतो. विकतचा तंबू परवडेना, आणि परवडला तरी पाठीवर ओझं. "आई, तुले जमते का पाय." न जमायला काय झालं? चौकोनी कापड, ना बाही ना गळा. मी घरातला जाड सुती दोरा लावला, जीन्सवर चालवते ती १६ नंबरची सुई तशीच ठेवली, टाका अगदी बारीक केला. बारीक टाका म्हणजे चांगली शिलाई, हे आमच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. कापड घसरू नये म्हणून जागोजागी टाचण्या टोचल्या. चारही कोपऱ्यांना पितळी आयलेट ठोकून घेतले. दीड तासात पाल तयार. (ताडपत्री म्हटलं की आम्हाला सोयाबीनच्या गंजीवरची निळी-काळी जाड आठवते. हे कापड ओंजळीत मावतं, म्हणून मी त्याला पालच म्हणते.)

ते तपासायला आम्ही मायलेक चिखलदऱ्याला माझ्या मामेभावाकडे गेलो. श्रावण होता. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर, खाली आमच्याकडे ऊन असतं तेव्हाही तिथे ढग घरात शिरतात. मामेभावाच्या परसात दोन झाडांच्या मध्ये दोरी बांधून पाल टाकलं आणि खाली सतरंजी अंथरून पडलो. वहिनी दारातून म्हणाल्या, "ताई, घरात खाटा रिकाम्या हायत अन् तुम्ही दोघं परसात काऊन भिजता?"

रात्री दहाला पाऊस लागला. पाऊण तास सगळं ठीक. मग माझ्या कपाळावर एक थेंब पडला. टॉर्च लावून पाहिलं तर मधल्या जोडावर थेंबांची रांग, मण्यांच्या माळेसारखी. सुती दोरा फुगला होता, बाबा म्हणाले तसाच. पण लेप दिलेलं हे नायलॉनचं कापड सुती कापडासारखं फुगत नाही आणि भोक आवळत नाही. भोक तसंच राहिलं आणि सुती दोरा दिव्याच्या वातीसारखा पाणी शोषून आत सोडू लागला. टाचण्यांच्या भोकांतून वेगळं ठिबकत होतं. बाराच्या सुमारास दरीतून वारा वर आला आणि एका कोपऱ्याचा आयलेट फटकन निघाला, जाताना भोवतालचं टिचभर कापड घेऊन गेला. आम्ही मुकाट्याने घरात जाऊन खाटांवर झोपलो. सकाळी वहिनींनी चहा देताना काही विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. जोड १० फुटांचा, म्हणजे १२० इंच. इंचाला १४ टाके धरले तर एका टिपेत १,६८० भोकं. दोन टिपा मारल्या होत्या, त्याची दुप्पट. एवढी भोकं मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पायाने मशीन चालवून पाडली होती, तीही जाड सुईने. कापडाने काय करावं?

दुसरं पाल शिवायला मला दीड तास नाही, तीन दुपारी लागल्या. ते कसं शिवलं हे आता सांगते.

सुई ११ नंबरची, नवी. जुनी बोथट सुई कापड टोचत नाही, फाडते. दोरा पॉलिस्टरचा. तो कुजत नाही आणि सुती दोऱ्यासारखं पाणी ओढत नाही. टाका लांब, इंचाला ८. म्हणजे एका टिपेला ९६० भोकं. याहून लांब केला तर शिवणीला ताकद राहत नाही. टाचणी मुळीच नाही, लावायचीच झाली तर शिवणीच्या आत दडपून जाणाऱ्या मार्जिनमध्ये. बाकी सगळीकडे कपडे वाळत घालायचे चिमटे.

हे कापड मशीनवर साबणासारखं सरकतं. खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो, आणि १० फुटांच्या शेवटी दोन्ही टोकांत बोटभर फरक पडतो. यावर उपाय असा की कापडाखाली कागदाची पट्टी ठेवून कागदासकट शिवायचं. मशीनच्या खालच्या दात्यांना कागद पकडता येतो. टीप मारून झाली की कागद फाडून काढायचा. मी आधी आपल्याच पेपरची पट्टी घेतली होती, पण शाई कापडाला लागली. मुलाच्या जुन्या वह्यांची कोरी पानं बरी. आणि दोन्ही हातांनी कापड पुढे-मागे ताणून धरायचं, मशीनला ओढू द्यायचं नाही.

आता जोड. साधी एक टीप मारून जोड उलगडला तर कापडाची कड आत लोंबते, शिवणीचे टाके पावसाकडे तोंड करून बसतात आणि ताण सगळा दोऱ्यावर येतो. इथे पाहिजे ती शिवणाच्या क्लासमध्ये 'रन अँड फेल' म्हणतात ती शिवण. जीन्सच्या पायाची शिवण उलटून पाहा, कडा कुठेच दिसत नाही, तीच ही. एक पट्टा दुसऱ्याच्या अर्धा इंच बाहेर काढून पहिली टीप मारायची. बाहेर आलेली कड आखूड कडेवर दुमडायची, सगळं एका बाजूला पाडायचं आणि वरून दुसरी टीप. दोन्ही कापडं एकमेकांच्या हातात हात घालून बसतात. ओढ दोऱ्यावर न येता कापडावर येते.

आणि घडी कोणत्या बाजूला पाडायची? आमच्याकडची जुनी घरं कवेलूंची, म्हणजे कौलांची. कवेलू रचताना वरचं कवेलू खालच्याच्या अंगावर येतं, खालचं वरच्यावर कधी नाही. तसंच घडीचं तोंड उताराकडे, म्हणजे वरून आलेलं पाणी घडीवरून घसरून जातं. घडी उलटी पडली तर तीच पन्हाळ होते आणि पाणी साठवून आत सोडते. जोड नेमका आढ्यावर आला पाहिजे हेही लेखात नव्हतं. दोन्ही बाजूंना उतार असला की आढ्यावर पाणी थांबतच नाही. पोरांनी कापड वाचवायला जोड आडवा, उताराच्या मध्यावर घ्यायचं ठरवलं होतं. म्हणजे अख्ख्या छपराचं पाणी शिवण ओलांडून जाणार.

आढं सरळ कापू नका, हे मला दुसऱ्या पालाच्या वेळीही कळलं नव्हतं. ते मुलाने कुठूनसं शिकून सांगितलं. खांबावरची विजेची तार कितीही ताणली तरी मध्ये झोळ देतेच. कापडाचंही तसंच. सरळ कापलेलं आढं ताणलं की मध्ये उतरतं आणि तेवढं जास्तीचं कापड सुरकुत्या होऊन वाऱ्यात फडफडत राहतं. रात्रभर ती फडफड ऐकून झोप येत नाही, आणि शिवणीला झटके बसतात ते वेगळेच. म्हणून जो झोळ पडणारच आहे तो आधीच कापून टाकायचा. भिंतीवर १० फुटांच्या अंतरावर दोन खिळे ठोकले, त्यांना जाड सुती दोरा बांधून मध्ये २ इंच झोळ दिला, मागे रद्दीचे कागद चिकटवले होते त्यांवर खडूने रेघ मारली. तो झाला पॅटर्न. दोन्ही पट्ट्यांची आढ्याकडची कड त्या रेघेने कापायची, म्हणजे पट्टा टोकांना रुंद आणि मध्ये २ इंच अरुंद. सगळं जमलं तर पाल ताणल्यावर ढोलकीच्या चामड्यासारखं वाजतं. माझं तिसरं पाल असं वाजलं.

आयलेट या कापडाला नकोच. शेतातल्या जाड ताडपत्रीला ते चालतात, इथे मात्र आयलेट म्हणजे आधी भोक पाडायचं आणि मग त्याच भोकाला ओढायचं. कोपऱ्याची ओढ नेहमी तिरपी असते, म्हणजे उरेबात, आणि उरेबात कापड ताणतं हे ब्लाऊजची पट्टी लावणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणून कोपऱ्यांना त्याच कापडाचे दुहेरी त्रिकोण लावायचे आणि त्यांवर दप्तराच्या पट्ट्याचा पाऊण इंची फास, शिवण चौकोनात आणि चौकोनात फुली. चार कोपरे, आढ्याची दोन टोकं, बाकीच्या दोन कडांच्या मध्यावर एकेक, असे आठ फास. पट्टा कापला की त्याचं टोक मेणबत्तीवर धरून वितळवायचं, नाहीतर धागे सुटतात. कडेची दुमड दुहेरी, पाऊण इंचाची.

एवढं सगळं केलं तरी भोकं आहेतच. ती बुजवायची कशाने? लेखात चिकटपट्टी म्हटलंय. ज्या कापडावर सिलिकॉनचा लेप आहे त्याला जगातली कुठलीही साधी चिकटपट्टी धरत नाही, दुसऱ्या दिवशी पापडासारखी निघते. सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं. हार्डवेअरच्या दुकानात बाथरूमच्या फटी भरायला पारदर्शक सिलिकॉनची नळी मिळते, ती घ्यायची. पेंटर लोक वापरतात ते मिनरल टर्पेंटाइन तीन भाग आणि सिलिकॉन एक भाग लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून झाकण लावून घुसळायचं, पातळ होईपर्यंत. पाल अंगणात ताणून बांधायचं आणि शिवणीवर बाहेरून ब्रशने हलका हात फिरवायचा. जाड थापलं तर वजन वाढतं आणि पोपडे निघतात. वास व्हिनेगरसारखा येतो, डोळे चुरचुरतात, म्हणून घरात करायचं नाही, आणि चुलीजवळ तर नाहीच. रात्रभर वाळू द्यायचं. मग शिवणीवर अंगाला लावायची पावडर शिंपडायची, नाहीतर घडी केल्यावर शिवण शिवणीला चिकटते. माझ्या सुनेचा पावडरचा अर्धा डबा त्यात गेला. तिने अजून तो विषय सोडलेला नाही.

कापड पी.यू. (पॉलियुरेथेन) लेपाचं असेल तर मात्र सिलिकॉन नीट धरत नाही, त्याला पी.यू.चंच सीलर लागतं. घेताना दुकानदाराला विचारावं. आणि लेप आहे की नाही हेच कळत नसेल तर कापड तोंडाला घट्ट लावून फुंकून पाहावं. श्वास पार गेला तर पाणीही जाईल. छत्रीचं म्हणून जे कापड मीटरवर मिळतं त्यातलं बरंचसं या फुंकरीत नापास होतं. सराव करायला मात्र ते चांगलं, चुकलं तरी हळहळ नाही.

वजनाबद्दल लेखातलं कौतुक खरं आहे, त्यात वाद नाही. पोरांचं कापड ३० डेनिअरचं होतं. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आमच्या गावापासून परतवाडा बरोबर ९ किलोमीटर, तेवढा लांब धागा काट्यावर ठेवला तर ३० ग्रॅम भरेल. लेपासकट हे कापड चौरस मीटरला सुमारे ४५ ग्रॅम. १० फूट बाय १० फुटांचं पाल फास-दोऱ्यासकट किराणा दुकानातल्या काट्यावर साडेचारशे ग्रॅमच्या आत बसलं. शेतातली २५० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅमची, ताडपत्री तेवढ्याच मापाची घेतली तर सव्वादोन किलोच्या पुढे जाते. शेगावहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या आजी ते हातात घेऊन म्हणाल्या, "माह्या लुगड्यापेक्षा हलकं हाय वं हे." त्यांना निम्म्या मापाचं हवं आहे.

नायलॉनचा एक दोष सांगून ठेवते. ओलं झालं की ते लांबतं. संध्याकाळी कडक ताणलेलं पाल पाऊस पडल्यावर तासाभरात सैल पडतं. झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणायच्या, म्हणून गाठ सरकती हवी. पॉलिस्टर ओलं झालं तरी लांबत नाही आणि उन्हातही जास्त टिकतं. पुढचं पाल मी पॉलिस्टरचंच शिवणार.

खुंट्यांबद्दल लेखात सह्याद्रीतल्या मुरमाड जमिनीचा हिशेब दिसतो. आमची काळी माती उन्हाळ्यात दगड आणि पावसात लोणी. बोटभर लोखंडी खुंटी ओल्या काळ्या मातीत ठोकली तर वाऱ्याच्या पहिल्या झोतात हातभर चिखल घेऊन वर येते. बाभळीच्या दीड फुटी खुंट्या, पालाच्या उलट दिशेला तिरप्या, आणि डोक्यावर मोठा धोंडा. धोंडा नसेल तर खुंटीऐवजी काठी आडवी गाडायची आणि तिला दोरी बांधायची. आणि वावरातल्या एकट्या उंच झाडाखाली पाल बांधू नका, विजा तिथेच येतात.

पोरांना गाविलगडावर रात्र काढायची होती. मी सांगितलं, गड व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे रात्री पाल ठोकता येत नाही, दिवसा पाहून परत या. तोंडं उतरली. मग दिराने त्यांना आपल्या वावरात बोलावलं. तो मचाणावर जागलीला जातो. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) यांनी कोवळी पिकं ठेवली तर बरं, म्हणून पावसातही जागावं लागतं. त्याच्या मचाणावरची ताडपत्री यंदा चिरली होती. पोरांचं पाल मचाणावर बांधायचं, जागलीला सोबत करायची आणि पाल तपासून पाहायचं, असं ठरलं.

मी शिवून दिलं. सांगितलेलं सगळं केलं, कवेलूची घडी, आढ्याचा झोळ, फास, सिलिकॉन, पावडर (या वेळी माझ्या पैशाची). परवा रात्री चांगला पाऊस झाला. काल सकाळी दोघं डोळे चोळत आले. "मावशी, शिवण एक थेंब गळली नाई. पण आमी भिजलोच."

कशाने भिजलात?

दोरीवरून. पालाचं आढं ज्या दोरीवर टाकलं होतं, ती दोरी दोन्ही बाजूंना खांबांपर्यंत पावसात उघडी. पाणी दोरीवरून घसरत आत आलं आणि नेमकं मधोमध त्यांच्या अंथरुणावर टपकलं. याला उपाय अगदी साधा आहे. पालाच्या कडेच्या बाहेर, दोरीला वितभर चिंधी बांधून लोंबती सोडायची. दोरीवरून येणारं पाणी चिंधीवर उतरून बाहेरच पडतं. बाबा राहुट्यांच्या ताणदोऱ्यांना अशाच चिंध्या बांधायचे, मला चांगलं ठाऊक होतं. पोरांना सांगायचं मात्र राहून गेलं. आपल्या लेखावर एवढी टीका करताना मीही अर्धवटच सांगितलं होतं, हे कबूल करते. दिराने काल दोन्ही बाजूंना माझ्या जुन्या परकराच्या चिंध्या बांधल्या आहेत.

आपण हे पत्र छापाल तर चिंधीची गोष्ट विसरू नका.

आपली वाचक,
एक शिलाईवाली,
ता. अचलपूर, जि. अमरावती

ता.क.: आसपासच्या कोणाला असं पाल शिवायचं असेल तर गणवेशांची गर्दी ओसरल्यावर यावं. कापड, सिलिकॉन आणि पावडरचा डबा ज्याचा त्याने आणावा. आणि तासाभरात होईल, असं कोणी सांगितलं असेल तर त्याच्याकडूनच शिवून घ्यावं.